संशोधकाचे नीतिशिक्षण: माणसांचा अभ्यास करण्यापूर्वी

माणसांवर किंवा माणसांविषयी संशोधन करणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी घ्यावयाचे शिक्षण म्हणजे संशोधकाचे नीतिशिक्षण. नव्या औषधाची चाचणी घेणारा डॉक्टर, ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेणारी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, शाळकरी मुलांची स्मरणशक्ती तपासणारा मानसशास्त्रज्ञ आणि रुग्णालयातले जुने केसपेपर चाळून निष्कर्ष काढणारा संख्याशास्त्रज्ञ यांची शास्त्रे वेगळी आहेत. त्यांच्या कामातली एक विषमता मात्र सारखीच असते. ज्ञान, पदवी, शोधनिबंध आणि नाव संशोधकाच्या वाट्याला येते; वेळ, वेदना, संकोच, बदनामीची भीती आणि क्वचित जिवाचा धोका सहभागी व्यक्तीच्या वाट्याला. ही विषमता पुरती मिटत नाही. ती ओळखून काम कसे करायचे, कुठे थांबायचे आणि कुणाला विचारायचे, हे या शिक्षणात शिकवले जाते.

अनेक देशांतील विद्यापीठांत हे शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नैतिकता समिती संशोधनाचा प्रस्ताव विचारात घेत नाही. ही अट वरवर पाहता कार्यालयीन वाटते. तिच्यामागे शतकभराचा अनुभव आहे, आणि तो सांगतो की नियम नुसते लिहून ठेवल्याने माणसे सुरक्षित होत नाहीत. नियम पाळणाऱ्याला ते का आले, हेही कळलेले असावे लागते.

नियम होते, तरीही

1890च्या दशकात ब्रेस्लाऊ येथील नामांकित त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट नाइसर यांनी उपदंशाच्या रुग्णांच्या रक्तातील द्रव काही स्त्रियांना टोचला. त्यांत वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांना काय टोचले जात आहे हे सांगितले गेले नव्हते, आणि त्यांतील काहींना पुढे उपदंश झाला. प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर नाइसर यांना दंड झाला आणि 29 डिसेंबर 1900 रोजी प्रशियाच्या सरकारने आदेश काढला. उपचाराशी संबंध नसलेला कोणताही प्रयोग, त्याचे संभाव्य दुष्परिणाम समजावून सांगून मिळवलेल्या स्पष्ट संमतीशिवाय आणि अल्पवयीन व्यक्तीवर करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते.

1931 साली जर्मनीच्या गृहमंत्रालयाने याहून तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सामाजिक वा आर्थिक अडचणीत असलेल्या व्यक्तीच्या परिस्थितीचा फायदा प्रयोगासाठी घेऊ नये, असे त्यांत सांगितले होते. रुग्णालयात रुजू होताना डॉक्टरने ही तत्त्वे पाळण्याची लेखी हमी द्यावी, अशी अपेक्षाही होती. वैद्यकीय अध्यापनात या कर्तव्यांवर संधी मिळेल तेव्हा भर द्यावा, असे एक कलम शेवटी होते. संशोधकांना नीती शिकवावी ही कल्पना म्हणजे निदान इतकी जुनी आहे.

पुढच्याच दशकात त्याच जर्मनीतील डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांना गोठवले, हवेचा दाब कमी केलेल्या पेट्यांत कोंडले आणि त्यांना मुद्दाम रोगांची लागण केली. न्यूरेंबर्ग येथे डिसेंबर 1946 मध्ये 23 जणांवर खटला सुरू झाला. ऑगस्ट 1947 मध्ये निकाल लागला. 16 जण दोषी ठरले आणि त्यांतील 7 जणांना फाशी झाली. निकालपत्रात परवानगीयोग्य प्रयोगांच्या दहा अटी नमूद केल्या गेल्या. न्यूरेंबर्ग संहिता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अटींपैकी पहिलीच सहभागी व्यक्तीच्या स्वेच्छेच्या संमतीची आहे. 1964 मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. 1975च्या दुरुस्तीत स्वतंत्र समितीकडून प्रस्तावाची तपासणी करून घेण्याचा मुद्दा त्यात आला.

ही संहिता राक्षसी कृत्ये करणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासारख्या सभ्य संशोधकांना तिची गरज नाही, असा समज विजयी राष्ट्रांत दीर्घकाळ राहिला. 1966 मध्ये हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून आलेल्या संशोधनांतून नीतिबाह्य प्रयोगांची 22 उदाहरणे काढून दाखवली आणि या समजाला मोठा तडा गेला. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1972 मध्ये, टस्कीगी येथील अभ्यासाची हकीकत वृत्तपत्रांत आली. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने 1932 पासून अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालवले होते. त्यांतील 399 जणांना उपदंश होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नव्हते, आणि पेनिसिलिन हा प्रचलित उपचार झाल्यानंतरही तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला गेला नाही. चाळीस वर्षे हे काम गुपचूप चाललेले नव्हते. त्याचे निष्कर्ष वेळोवेळी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध होत होते. शिकलेल्या वाचकांनी ते वाचले आणि फार थोड्यांना त्यात काही वावगे दिसले. नीतिशिक्षणाची निकड दाखवणारी याहून बोलकी गोष्ट शोधून सापडणार नाही.

समितीकडून शिक्षणाकडे

टस्कीगीनंतर अमेरिकेच्या संसदेने 1974 मध्ये राष्ट्रीय संशोधन कायदा केला. संशोधन संस्थांत परीक्षण समित्या बंधनकारक झाल्या आणि एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. या आयोगाचा बेलमाँट अहवाल 1979 मध्ये शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला. माणसांचा आदर, हित आणि न्याय अशी तीन तत्त्वे त्याने मांडली. व्यक्तीला स्वतःचा निर्णय घेण्याचा अधिकार आहे आणि ज्यांची ती क्षमता कमी आहे त्यांना जादा संरक्षण हवे, हा आदर. धोका कमीत कमी आणि लाभ जास्तीत जास्त ठेवणे, हे हित. संशोधनाचा भार एकाने वाहायचा आणि फळ दुसऱ्याने चाखायचे, असे होऊ न देणे, हा न्याय. 1991 मध्ये अमेरिकी शासनाच्या अनेक खात्यांनी मिळून एकच नियमावली स्वीकारली. ती ‘कॉमन रूल’ या नावाने ओळखली जाते. तिची मोठी सुधारणा 2019 च्या जानेवारीपासून लागू झाली.

या सगळ्या व्यवस्थेत समितीवर भर होता. संशोधकाने प्रस्ताव पाठवायचा, समितीने तपासायचा. संशोधक स्वतः काय जाणतो, याची चौकशी होत नव्हती. ही उणीव 1999 ते 2001 या काळात उघडी पडली. सप्टेंबर 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या एका चाचणीत 18 वर्षांचा तरुण मरण पावला. आधीच्या सहभागींना झालेले दुष्परिणाम आणि संशोधकाचे आर्थिक हितसंबंध यांबाबत पुरेशी पारदर्शकता नव्हती, असे चौकशीत पुढे आले. त्याच वर्षी ड्यूक आणि पुढे 2001 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील माणसांवरील संशोधन शासनाने काही दिवस थांबवले. जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याच्या अभ्यासात हेक्झामेथोनियम हे रसायन हुंगलेली 24 वर्षांची निरोगी स्वयंसेविका दगावली होती. ती त्याच संस्थेत तंत्रज्ञ म्हणून काम करत होती. या रसायनाचा फुप्फुसांवर होणारा परिणाम 1950च्या दशकातील वैद्यकीय साहित्यात नोंदलेला होता. त्या साहित्याचा शोध पुरेसा घेतला गेला नव्हता.

हॉपकिन्सची घटना घडण्यापूर्वीच, 1999 मधील घटनांच्या पार्श्वभूमीवर, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1 ऑक्टोबर 2000 पासून अट घातली की, तिच्या अनुदानावर माणसांचे संशोधन करणाऱ्या सर्व प्रमुख व्यक्तींनी सहभागींच्या संरक्षणाचे शिक्षण घेतलेले असावे. कॉमन रूलमध्ये संशोधकाच्या प्रशिक्षणाची थेट सक्ती नाही. ती आली अनुदान देणाऱ्या संस्थेच्या धोरणातून, आणि बहुतेक विद्यापीठांनी ती अनुदान असो वा नसो, आपल्या सर्व संशोधकांना लागू केली. त्याच वर्षी मायामी विद्यापीठात काही संस्थांच्या सहकार्याने ‘सिटी प्रोग्रॅम’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाला. आज अमेरिकेबाहेरच्या विद्यापीठांतही तो वापरला जातो. कॅनडात संशोधन परिषदांच्या संयुक्त धोरणावर आधारित ‘कोअर’ नावाचा विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम आहे आणि तेथील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून तो पूर्ण करून घेतात.

कुणाला, किती, केव्हा

अट लागू होते ती मुख्य संशोधकापुरती नसते. मार्गदर्शक प्राध्यापक, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, सहभागींची निवड करणारा समन्वयक, रक्त काढणारा तंत्रज्ञ, मुलाखत घेणारा क्षेत्रकार्यकर्ता, दुभाषी आणि नावानिशी माहिती हाताळणारा संगणक सहायक हे सारे तिच्या कक्षेत येतात. सहभागी व्यक्तीचा संबंध बहुधा मुख्य संशोधकाशी येतच नाही; तो येतो दारात उभ्या राहिलेल्या क्षेत्रकार्यकर्त्याशी. संमती खरोखर मिळाली की नुसती सही, हे त्या दारातच ठरते.

‘माणसांवरील संशोधन’ या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. इंजेक्शन देणे किंवा यंत्रात झोपवणे एवढेच त्यात येत नाही. मुलाखत, प्रश्नावली, वर्गातील निरीक्षण, ओळख पटू शकेल अशी खासगी माहिती आणि साठवलेले रक्ताचे नमुने यांच्यावरचा अभ्यासही त्यात मोडतो. जनगणनेचे प्रसिद्ध झालेले तक्ते वापरणे सहसा त्यात येत नाही. अमेरिकेच्या सुधारित नियमावलीने पत्रकारिता, चरित्रलेखन आणि मौखिक इतिहास यांनाही या व्याख्येतून वगळले आहे. आपले काम कोणत्या बाजूला पडते, हा निर्णय संशोधकाने एकट्याने घ्यायचा नसतो. शंका असेल तर समितीला विचारायचे, हा अभ्यासक्रमातला अगदी सुरुवातीचा धडा असतो.

अभ्यासक्रमाच्या सहसा दोन शाखा असतात: एक जैववैद्यकीय संशोधनासाठी आणि दुसरी समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांसाठी. प्रत्येक पाठानंतर प्रश्न असतात. उत्तीर्णतेची मर्यादा संस्था ठरवते. अनेक ठिकाणी ती 80 टक्के आहे. प्रमाणपत्राची मुदतही संस्थाच ठरवते आणि ती बऱ्याचदा तीन वर्षांची असते. नंतर उजळणी करावी लागते. औषधांच्या चाचण्या घेणाऱ्यांना याखेरीज उत्तम चिकित्सालयीन आचारपद्धतीचे, म्हणजे ‘जीसीपी’चे प्रशिक्षण घ्यावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या अनुदानावरील चाचण्यांसाठी ते जानेवारी 2017 पासून अपेक्षित केले आणि निदान तीन वर्षांनी त्याची उजळणी सांगितली.

वाङ्मयचौर्य टाळणे, आकडे न बनवणे, लेखकत्वाचे श्रेय योग्य देणे यांचे शिक्षण वेगळे असते. त्याला संशोधनातील सचोटीचे शिक्षण म्हणता येईल. सचोटीचा नियम मोडला तर विज्ञानाचे नुकसान होते. सहभागींच्या संरक्षणाचा नियम मोडला तर समोरच्या माणसाचे. दोन्हींची गरज आहे, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

अभ्यासक्रमात काय शिकवतात

सर्वांत मोठा पाठ संमतीचा. माहितीपूर्ण संमती म्हणजे कागदावरची सही, हा समज या पाठात मोडून काढला जातो. अभ्यास कशाचा आहे, किती वेळ लागेल, काय त्रास होऊ शकतो, लाभ होईल की नाही, माहिती कोण पाहील, इजा झाली तर काय, आणि केव्हाही कारण न देता बाहेर पडता येईल का, हे समोरच्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. कळले की नाही हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘तुम्हाला काय समजलं, ते सांगा’ असे विचारणे. अभ्यासाला ‘होय’ म्हणणारे रुग्ण अनेकदा आपल्यावर उपचार चालले आहेत असेच धरून चालतात. डॉक्टर तेच, दवाखाना तोच, मग हे संशोधन आहे, आपल्या भल्यासाठी आखलेला उपचार नाही, हे लक्षात येणे अवघड असते. हा गैरसमज दूर करणे संशोधकाचे काम आहे, रुग्णाचे नाही.

संमती कशासाठी दिली, त्याच कामापुरती ती असते. 1990 पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी हवासुपाई या आदिवासी समाजातील लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांनी ते दिले त्यांच्यात वाढलेल्या मधुमेहाचा शोध लागावा म्हणून. पुढे हेच नमुने स्किझोफ्रेनिया, समाजांतर्गत विवाह आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर या विषयांसाठीही वापरले गेले. आपण याच भूमीत जन्मलो, ही त्या समाजाची श्रद्धा. तिलाच या निष्कर्षांनी धक्का बसला. 2010 मध्ये विद्यापीठाने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. नमुना साठवताना पुढील वापराची परवानगी वेगळी का मागायची, हे या प्रकरणावरून शिकवले जाते.

दुसरा पाठ दबावाचा. तो उघड असेल तर कुणालाही ओळखता येतो. शिकावे लागते ते न दिसणारा दबाव ओळखायला. प्राध्यापकाने स्वतःच्या वर्गातील मुलांना प्रश्नावली भरायला सांगितली, तर गुणांच्या भीतीने सगळे भरतात. तुरुंगातला कैदी सुटका लवकर होईल या आशेने तयार होतो. डॉक्टरवर अवलंबून असलेला रुग्ण नाही म्हणायला कचरतो. येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी 1961 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत सहभागींना वाटत होते की आपण दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देत आहोत. थांबायचे आहे, असे म्हणणाऱ्यांना प्रयोगकर्ता ‘प्रयोगासाठी तुम्ही पुढे चालू ठेवणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची ठरावीक वाक्ये ऐकवत असे. मूळ मालिकेतील 40 पैकी 26 जण अखेरच्या 450 व्होल्टच्या खुणेपर्यंत गेले. माणूस अधिकारी व्यक्तीपुढे किती झुकतो हे या प्रयोगाने दाखवले. प्रयोगशाळेचा कोट घातलेल्या संशोधकासमोर ‘नको’ म्हणणे किती जड जाते, हेही त्यातच दिसले. बाहेर पडण्याचा अधिकार कागदावर असून भागत नाही; तो वापरणे सोपे करून द्यावे लागते.

पैशाचा प्रश्न याच पाठात येतो. बुडालेली मजुरी आणि बसभाडे देणे रास्त आहे. रक्कम इतकी मोठी असेल की गरजू माणूस धोक्याकडे डोळेझाक करील, तर तो मोबदला आमिष ठरतो. दोन्हींतली रेषा गावागणिक बदलते, म्हणून ती ठरवताना स्थानिक परिस्थिती जाणणाऱ्याचे मत घ्यावे लागते.

तिसरा पाठ धोक्याचा. शारीरिक इजा लगेच दिसते, पण समाजशास्त्रीय अभ्यासातले धोके बहुधा मनाला, अब्रूला, नोकरीला आणि नातेसंबंधांना असतात. घरगुती हिंसेबद्दल मुलाखत देणाऱ्या स्त्रीला सर्वांत मोठा धोका प्रश्नांचा नसतो. मुलाखत चालू असताना नवरा घरी येण्याचा असतो. अशा अभ्यासात जागा, वेळ आणि मध्येच कुणी आले तर विषय कसा बदलायचा, हे आधी ठरवलेले असावे लागते. मुलाखतीत जुनी जखम उघडी पडली, तर त्या व्यक्तीला कुठे मदत मिळेल याची यादी हाताशी असावी लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑगस्ट 1971 मध्ये विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला प्रयोग दोन आठवडे चालायचा होता. तो सहा दिवसांत बंद करावा लागला. त्याचे प्रमुख फिलिप झिंबार्डो स्वतःच तुरुंगाधीक्षकाच्या भूमिकेत होते. त्यामुळे थांबायची वेळ त्यांना स्वतःला वेळेवर ओळखता आली नाही.

चौथा पाठ गोपनीयतेचा. नाव काढून टाकले की माणूस अनोळखी होतो, हे खरे नाही. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक ओळखता येऊ शकतात. खेड्यात तर तीनही लागत नाहीत. ‘तालुक्यातील एका गावच्या पन्नाशीच्या विधवा सरपंच’ एवढे छापले, की आसपासच्या दहा गावांना कोण ते कळते. प्रबंधात गावाचे नाव बदलून ऋणनिर्देशात खऱ्या ग्रामसेवकाचे आभार मानले, तरी तोच परिणाम होतो. गोपनीयतेला कायद्याच्या मर्यादाही आहेत. भारतात 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. मुलांशी बोलणाऱ्या संशोधकाने ‘तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही’ असे वचन देता कामा नये, कारण ते त्याला पाळता येणार नाही.

पाचवा पाठ अलीकडे वाढला आहे, तो डिजिटल माहितीचा. जानेवारी 2012 मध्ये फेसबुकने 6,89,003 वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरातील आनंदी वा दुःखी नोंदींचे प्रमाण आठवडाभर बदलून पाहिले. कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांसह हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मोठा वाद झाला. सेवा वापरताना मान्य केलेल्या लांबलचक अटी म्हणजे संशोधनाला दिलेली संमती का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. सर्वांना वाचता येतो म्हणून प्रत्येक मजकूर संशोधनासाठी मोकळा आहे, असे मानण्यापूर्वी लिहिणाऱ्याने तो कुणासाठी लिहिला होता, हे विचारायला या पाठात शिकवतात.

भारतातील व्यवस्था

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 1980 मध्ये या विषयावर पहिले धोरणपत्र काढले. त्यानंतर 2000, 2006 आणि 2017 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. शेवटच्या आवृत्तीत आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. समितीच्या सदस्यांनी आणि संशोधकांनी प्रशिक्षित असावे, अशी या तत्त्वांची अपेक्षा आहे. 2019 मध्ये लागू झालेल्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी तिला कायद्याचे बळ दिले. औषध चाचण्यांच्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत निदान निम्मे संस्थेबाहेरचे, एक विधिज्ञ, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री सदस्य हवी. सदस्यांना विहित प्रशिक्षण आवश्यक आहे. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांनाही शासनाकडे नोंदणी करावी लागते.

वैद्यकीय शिक्षणात ही अट बरीच पुढे गेली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी बंधनकारक केला गेला. त्यात संशोधनपद्धतीबरोबर नीतीचाही भाग असतो.

इतर विद्याशाखांची स्थिती वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये पीएच.डी.च्या सर्व विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. तत्त्वज्ञानाची ओळख, वैज्ञानिक आचरण, प्रकाशनातील गैरप्रकार, मुक्त प्रवेश प्रकाशन, संशोधनाची मोजमापे असे त्याचे घटक आहेत. अभ्यासक्रम उपयुक्त आहे, पण त्याचा भर वर सांगितलेल्या सचोटीवर आहे. मुलाखतीला बसलेल्या माणसाची संमती, त्याच्यावरचा दबाव, त्याची गोपनीयता यांना त्यात थोडीच जागा मिळते. परिणामी समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य या शाखांतील विद्यार्थी मजकुरातील साम्याची टक्केवारी काटेकोरपणे तपासून घेतो, पण शेकडो लोकांच्या घरी जाऊन प्रश्नावली भरून आणताना त्याला नीतीविषयी काही शिकवलेले असतेच असे नाही.

ही पोकळी भरण्याचे काम मुंबईत बरेच आधी सुरू झाले होते. वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक 1993 पासून मुंबईतून निघू लागले आणि पुढे ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ झाले. 2000 मध्ये ‘सेहत’ या मुंबईतील संस्थेच्या पुढाकाराने नेमलेल्या राष्ट्रीय समितीने आरोग्यविषयक समाजशास्त्रीय संशोधनासाठी नीतितत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांना कायद्याची सक्ती नव्हती. संशोधकांनी आपणहून स्वीकारावीत म्हणून ती लिहिली गेली.

भारतात संमतीचे काय होऊ शकते हे 2009-10 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस 10 ते 14 वर्षांच्या मुलींना देण्याचा तो प्रकल्प एप्रिल 2010 मध्ये थांबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूंशी लशीचा संबंध असल्याचे चौकशीत दिसले नाही, पण संमती घेण्यात गंभीर दोष आढळले. खम्मममध्ये अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. 2013 मध्ये संसदीय समितीने या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले.

महाराष्ट्रातील आश्रमशाळेत हाच प्रसंग सहज उभा राहू शकतो. किशोरवयीन मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासायचे आहे, मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, आणि पालक मजुरीसाठी दूर गेले आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचे दार उघडते. ती मुलीच्या पालकांची संमती नव्हे. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. मूल ‘नको’ म्हणाले, तर त्याला मान द्यायचा असतो. ग्रामसभा किंवा सरपंच यांच्याबाबतही हेच. समाजाची परवानगी आधी घेणे योग्य, पण ती प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला निःपक्ष साक्षीदारासमोर सर्व माहिती वाचून दाखवायची आणि मग त्याचा अंगठा घ्यायचा. तो साक्षीदार संशोधन चमूतला नसावा. अंगठा उठवताना जमीन तर जाणार नाही ना, अशी भीती असलेल्या माणसाला कागद कशाचा आहे हे सांगण्यात वेळ गेला, तर तो संशोधनाचाच भाग समजावा लागतो.

प्रमाणपत्र आणि विवेक

ऑनलाइन पाठ भराभर पुढे सरकवून, उत्तरे दुसऱ्याकडून घेऊन प्रमाणपत्र मिळवता येते, हा या शिक्षणावरचा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. दुसरा आक्षेप समाजशास्त्रज्ञांचा: पाठांची घडण औषधांच्या चाचण्यांवरून झाली असल्याने महिनोन्महिने एखाद्या वस्तीत राहून केलेल्या अभ्यासाला ते नीट बसत नाहीत. तिथे संमती एकदाच घेऊन संपत नाही. ओळख वाढते तशी ती पुन्हा पुन्हा विचारावी लागते. तिसरी अडचण भाषेची. साहित्य बहुतांशी इंग्रजीत असते, आणि मराठी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्यांशी बोलणारा क्षेत्रकार्यकर्ता त्यापासून दूर राहतो.

म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम ही सुरुवात धरली जाते. त्याला चर्चेची जोड लागते: मार्गदर्शकाने स्वतःच्या क्षेत्रातील अडचणी मांडून घेतलेले वर्ग, समितीच्या बैठकीत नव्या संशोधकाला बसू देणे, क्षेत्रावर जाण्यापूर्वी संमती मागण्याचा आपसात सराव, आणि परतल्यावर काय चुकले याचा मोकळा आढावा. माहितीपत्रकाचा मराठी मसुदा गावातल्याच एखाद्या व्यक्तीकडून वाचून घेतला, तर त्यातले न कळणारे शब्द त्याच दिवशी सापडतात.

समितीची मंजुरी मिळाली की संशोधकाची जबाबदारी संपत नाही. आराखड्यात बदल झाला तर पुन्हा परवानगी, अनपेक्षित इजा झाली तर तातडीने कळवणे, ठरलेल्या मुदतीत प्रगती अहवाल आणि काम संपल्यावर माहितीची सुरक्षित साठवण वा नाश, ही कर्तव्ये शेवटपर्यंत राहतात. त्यांतील प्रत्येक ठिकाणी नियमपुस्तक उघडायला वेळ मिळेलच असे नाही. मुलाखत अर्ध्यावर असताना समोरची बाई गप्प होते, सासू दारात येऊन उभी राहते, आणि वहीत अजून वीस प्रश्न उरलेले असतात. त्या क्षणी वही मिटण्याचा निर्णय ज्याला आपोआप सुचतो, त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येते.